मिलोची भाकरी आणि दोन महासत्ता

आमच्या हिवरा आश्रम परिसरात चहाच्या टपरीवर, निकाहच्या मांडवात किंवा शाळेच्या स्टाफरूममध्ये राजकारणाचा विषय निघाला की हटकून दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, कम्युनिस्ट म्हणजे खुदाला न मानणारे, दहरिये. त्यांच्यापेक्षा अमेरिका बरी, निदान ते किताबवाले आहेत. दुसरा म्हणतो, रशिया होता तोवर जगात गरिबाला वाली होता. तो गेला आणि भांडवलदारांना रान मोकळे झाले. सोव्हिएत युनियन मोडून तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. वाद घालणाऱ्यांतली निम्मी पोरे त्यानंतर जन्मलेली. तरी भांडण तेच आणि बाजूही त्याच. हे उसने भांडण आपण ज्याचे त्याला परत करावे, असे माझे मत आहे. दाखला मी धान्याचाच देतो, कारण भुकेल्या माणसाशी कोण कसे वागले यावरून त्याच्या तत्त्वज्ञानाची किंमत कळते.

आधी अमेरिका. १९५४ साली तिथे पीएल-४८० हा कायदा झाला आणि १९५६ च्या करारानंतर त्याखाली आपल्याकडे गहू येऊ लागला. त्यात तिथल्या शेतकऱ्याचा शिल्लक माल खपत होता, आपले पोट भरत होते, आणि उपाशी देश लाल होऊ नये हा हिशेबही होता. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. त्याच वेळी अमेरिका व्हिएतनामवर बॉम्ब टाकत होती आणि भारत त्यावर टीका करत होता. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दोरी आखडली. मोठा करार न करता थोडे थोडे धान्य सोडायचे, पुढच्या जहाजाची वाट पाहायला लावायचे. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. त्यामागेही मदत देणाऱ्यांचा दबाव होता.

बांगलादेशाचे तर याहून वाईट झाले. १९७४ मध्ये तिथे पूर आला, दुष्काळ पडला, रंगपूरकडे माणसे रस्त्यावर मरू लागली. त्याच काळात अमेरिकेने धान्य अडवले. कारण काय, तर बांगलादेशाने कम्युनिस्ट क्युबाला तागाची पोती विकली होती! बांगलादेशाने तो व्यापार बंद केला, पण धान्य पोहोचेपर्यंत दुष्काळाने व्हायचा तो घात केला होता. अमेरिकेला किताबवाली म्हणून जवळची मानणाऱ्यांनी सांगावे, रंगपूरचे ते उपाशी लोक कोण होते?

आता रशिया. रशियाचे देणे मी नाकारत नाही. भिलाईचा पोलाद कारखाना त्यांच्या मदतीने उभा राहिला. त्यांची स्वस्त, सुबक छपाईची पुस्तके मराठीत आणि उर्दूत आली. आमच्यासारख्या मास्तरांच्या घरात ती आजही सापडतील. आपला अमर शेख, बार्शीचा मेहबूब पटेल, लाल बावट्याखाली उभा राहिला तो गिरणीतले जगणे स्वतः भोगून. त्याला काफिर ठरवणाऱ्यांनी मजुरासाठी काय केले, हेही विचारायला हवे.

पण मजुराचे राज्य म्हणवणाऱ्या त्या देशात १९३० नंतरच्या तीन-चार वर्षांत कझाकस्तानात काय झाले? कझाक हे मेंढ्या, घोडे घेऊन फिरणारे मुसलमान पशुपालक. सामूहिक शेतीच्या नावाखाली त्यांची जनावरे आणि धान्य काढून घेतले, त्यांना सक्तीने एका जागी बसवले. सुमारे १५ लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली. त्याच वर्षांत सोव्हिएत धान्य परदेशी विकले जात होते, कारण कारखान्यांना यंत्रे हवी होती. आपले कॉम्रेड मित्र रंगपूरची गोष्ट रंगवून सांगतात आणि कझाकस्तानापाशी आले की गप्प होतात.

आता आपल्या अंगणात येऊ. १९७२ चा दुष्काळ घरोघरी आठवणीत आहे. मराठवाडा आमच्या मेहकर तालुक्याला लागूनच. रेशनवर परदेशी लाल ज्वारी आली, मिलो. आमची दादी सांगायची, भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशाखाली उतरायची नाही. खडी फोडणाऱ्या मजुरांना सुकडी मिळायची. ही मिलो खात असताना दोन महासत्ता काय करत होत्या, हे मात्र दादीला कुणी सांगितले नव्हते.

त्या वर्षी रशियाचेही पीक बुडाले होते. जुलै १९७२ मध्ये निक्सन सरकारने रशियाला धान्यखरेदीसाठी ७५ कोटी डॉलरचे कर्ज जाहीर केले. रशियाने अमेरिकी कंपन्यांकडून गुपचूप प्रचंड गहू उचलला, आणि त्या निर्यातीवर अमेरिकी सरकारने अनुदानही दिले. म्हणजे ज्याला जगाचा शत्रू म्हणत होते त्याला उधारीवर, सवलतीत गहू! वर्षभरात जगातला गव्हाचा भाव दुपटीच्या वर गेला आणि त्या महाग बाजारात आपल्याला उतरावे लागले. १९७३ मध्ये त्याच रशियाने भारताला २० लाख टन गहू उसना दिला, तेव्हा इथे मैत्रीचे गोडवे गायले गेले. गरज पडली की त्या दोघांचा वाद कोठारात ठेवला जायचा. आपण मात्र टपरीवर तो अजून चालवतो आहोत.

महाराष्ट्राला वाचवले कुणी? मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्याआधी वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेचा प्रयोग सांगली जिल्ह्यात विसापूरला झाला होता: जो काम मागेल त्याला काम, आणि ते त्याचा हक्क म्हणून. त्यातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काँग्रेसवाल्याने मांडलेली कल्पना डाव्या पक्षांनी मोर्चे काढून पुढे रेटली. पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. माझ्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपये कापले जातात ते हेच. शहरातला पगारदार रानातल्या मजुरासाठी देणार, असा हा हिशेब. मुसलमानाला तो नवा वाटू नये. जकातीतला गरिबाचा वाटा आपण त्याचा हक्क मानतो, देणाऱ्याचा उपकार मानत नाही. १९७४ च्या ढाक्याला जशी अट घातली तशी अट मजुराला घालायची नाही, हाच या कायद्याचा प्राण. पुढे २००५ मध्ये केंद्राने देशासाठी कायदा केला, तो याच वाटेने.

योजनेत चोरी झाली, खोटी मस्टरे भरली गेली, मजुरी महिनोन्‌महिने रखडली, हे खरेच. पण चोर पकडा असे म्हणण्याऐवजी 'फुकट्यांची योजना' म्हणून हिणवणारे माझे पगारदार भाऊबंदच आहेत. एकाला त्यात समाजवादाचे भूत दिसते. दुसऱ्याला क्रांतीशिवाय काही पटत नाही, म्हणून तो ठिगळ म्हणून नाक मुरडतो. उन्हात खडी फोडणाऱ्या बाईला या दोघांचाही उपयोग नाही.

आमच्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला पुरी आणि वांग्याच्या भाजीची पंगत बसते, लाखो माणसे जेवतात. तू कोणत्या गोटातला, असे तिथे वाढणारा विचारत नाही. गावाला जे कळते ते महासत्तांना कधी कळले नाही, आणि त्यांची वकिली करणाऱ्या आपल्या विद्वानांनाही कळत नाही.

म्हणून माझे साधे म्हणणे आहे. वॉशिंग्टन आणि मॉस्को यांचा निवाडा करण्यात घालवतो त्यातला एक तास आपल्या मोहल्ल्यातल्या, तांड्यावरल्या मजुराला द्या. त्याचा कामाच्या मागणीचा अर्ज लिहून द्या, तारखेची पोच घ्यायला लावा, मजुरी अडली तर त्याच्याबरोबर पंचायतीत आणि तहसीलला जा. आपल्याला लिहिता-वाचता येते, आणि ते शिकवणाऱ्या शाळा या लोकांच्या पैशावरही चालल्या आहेत.