उशाशी कोणतं पान उघडायचं?

पनवेलहून सकाळी सुटणाऱ्या हार्बर लोकलमध्ये काही प्रवासी न बोलताही ओळखू येतात. मांडीवर फुगलेली फाईल, तिच्यावर स्कॅनच्या फिल्मचा मोठा लिफाफा, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. काही जण खारघरला उतरून रिक्षाने टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या ॲक्ट्रेक केंद्राला जातात, बाकीचे कुर्ल्याला गाडी बदलून परळचं टाटा गाठतात. ‘टाटाला दाखवलंय’ एवढं म्हटलं की शेजारचा पुढचं विचारत नाही. केमो आणि शेक यांचं वेळापत्रक महिनोन्‌महिने चालतं, म्हणून बाहेरगावची कुटुंबं या पट्ट्यात खोली घेऊन राहतात. एक गॅस, दोन गाद्या, खिडकीत वाळत घातलेले कपडे.

अशाच एखाद्या खोलीत रविवारी दुपारी चार-पाच माणसं येतात. एकाच्या हातात बायबल, दुसऱ्याच्या पिशवीत बिस्किटांचे पुडे. चपला दाराबाहेर. एक अध्याय वाचतात, एखादं गाणं म्हणतात, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि चहा घेऊन निघतात. पनवेल परिसरात कॅथलिक आहेत, मराठी प्रोटेस्टंट आहेत, मल्याळी मंडळ्या आहेत, भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्याही आहेत. प्रत्येकीची रीत वेगळी, पण आजाऱ्याला भेटायला जाणं हे सगळ्यांनाच आपलं काम वाटतं.

हे काम चांगलं की घातक? दोन उत्तरं तयारच असतात. ‘विश्वास ठेवा, बरं होणारच’ हे एक. ‘हा सगळा अंधश्रद्धेचा कारभार, वॉर्डाच्या बाहेर ठेवा’ हे दुसरं. दोन्ही उत्तरं खाटेवरच्या माणसाला न विचारता दिलेली असतात, म्हणून मला ती दोन्ही अपुरी वाटतात.

दुसऱ्या उत्तरापासून सुरुवात करतो, कारण मराठी वाचकाला ते जवळचं वाटेल. उशाशी ग्रंथ वाचणं ही ख्रिस्ती लोकांनी आणलेली रीत नाही. वारकऱ्याच्या घरी हरिपाठ होतो, कुठे गीतेचा पंधरावा अध्याय म्हणतात, मुसलमानाच्या घरी यासीन पढतात. पनवेलला बेथ एल हे बेने इस्रायलांचं जुनं प्रार्थनामंदिर आहे. दुखणाईतासाठी स्तोत्रं म्हणण्याची यहुदी परंपरा फार जुनी, आणि ख्रिस्ती माणूस ‘स्तोत्रसंहिता’ म्हणून जे उघडतो ती हीच स्तोत्रं. दुखणं लांबलं की भेटायला येणारे नातेवाईक विरळ होतात. जे येतात ते शहाळं घेऊन येतात आणि ‘आमच्या मामांनाही अगदी हेच झालं होतं’ अशी गोष्ट सांगून जातात. मामांचं पुढे काय झालं ते आजाऱ्याला बरोबर कळतं. अशा दिवसांत ठरल्या वाराला, ठरल्या वेळी कुणी येतं आणि आठवड्याला पुन्हा वार मिळतात. याची किंमत कमी लेखू नये. ती औषधाच्या बिलात दिसत नाही इतकंच.

शब्दांचंही तसंच आहे. ग्लानीत पडलेल्या माणसाला संस्कृतप्रचुर भाषा पेलत नाही. हे पंडिता रमाबाईंना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. संस्कृतात पंडिता ही पदवी मिळवलेल्या या बाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायला घेतलं, ते कमी शिकलेल्या बाईलाही समजावं म्हणून, मुद्दाम साध्या बोलीत. आश्रमातल्याच स्त्रियांनी टाईप जुळवले आणि पानं छापली. मधल्या काळात रमाबाईंची प्रकृती ढासळत गेली. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. मुद्रितं तपासणं तरीही चालूच राहिलं. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या, आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडलं. पुढे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ केलं आणि साहित्य अकादमीने त्या अनुवादाचा गौरव केला. दोघांनाही एकच ध्यास होता, की ऐकणाऱ्याला अर्थासाठी धडपडावं लागू नये. मराठी मंडळ्यांत रेव्हरंड टिळकांची गाणी अजून म्हटली जातात, तीही याच कारणाने टिकली. पुष्कळदा आजारी माणूस प्रवचन नको म्हणतो आणि गाणं मागतो.

इथपर्यंत मी या रविवारच्या पाहुण्यांच्या बाजूने आहे. अडचण पुढे येते, आणि ती बायबलपेक्षा बायबलमधल्या निवडक पानांमुळे येते.

बहुतेक वेळा उघडली जातात ती अभिवचनांची पानं. याकोबाच्या पत्रातला पाचवा अध्याय तर ठरलेला: मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवा, तेल लावा, प्रार्थना करा. मग एखादी साक्ष. साक्षीचा साचा सगळ्यांना पाठ असतो: डॉक्टरांनी हात टेकले होते, घरच्यांनी आशा सोडली होती, आणि तेव्हा चमत्कार झाला. सांगणारा खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. पण साक्ष द्यायला बरा झालेलाच माईकपाशी येतो. तितक्याच श्रद्धेने प्रार्थना करून जो गेला, त्याची साक्ष कोण देणार?

त्याच बायबलमध्ये प्रेषित पौलाचा त्रफिम नावाचा सोबती आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी एका ओळीत त्याचा उल्लेख येतो, की त्याला आजारी अवस्थेत मिलेत गावी मागे ठेवलं. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे झाल्याच्या गोष्टी प्रेषितांच्या कृत्यांत आहेत, त्या पौलाला आपला सोबती बरा करता आला नाही. स्वतःच्या शरीरातला काटाही त्याने तीनदा विनवूनही गेला नाही, आणि तीमथ्याला तो पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. आजारी हिज्कीया राजाची प्रार्थना ऐकली गेली, तरी यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच. प्रार्थना असेल तर औषध नको, असं या पुस्तकाला म्हणायचं असतं तर ही पानं त्यात राहिली नसती. त्रफिमावर मात्र मी अजून एकही प्रवचन ऐकलेलं नाही.

ज्या चर्चचा चमत्कारांवर विश्वास आहे, तेही हिशेबाला किती कडक आहे ते पाहण्यासारखं आहे. फ्रान्समधल्या लुर्द या तीर्थस्थानी 1858 पासून कोट्यवधी माणसं बरं होण्याच्या आशेने गेली. तिथे डॉक्टरांची समिती कागदपत्रं तपासते. इतक्या वर्षांत चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सत्तरच्या आसपास आहेत. आपल्याकडे एका शनिवारच्या सभेत त्याहून जास्त जाहीर होतात.

कायदाही आहे. कॅन्सर बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या नि तोडग्यांच्या जाहिरातींवर 1954 च्या कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आलेला. साप-विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं त्याने गुन्हा ठरवलं. पण कायदा पोहोचतो तो जाहीर दाव्यापर्यंत. खोलीत दार लावून कुणी हळूच म्हटलं, ‘ताई, पुढची केमो घेतली म्हणजे विश्वास कमी पडला असं होतं’, तर तिथे कायदा काय करणार? तिथे मंडळीच्या पाळकानेच उभं राहायला हवं, आणि तेही आधी, व्यासपीठावरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

प्रार्थनेचा परिणाम मोजण्याचे प्रयत्नही झाले. 2006 साली अमेरिकेत बायपासच्या 1802 रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. परक्यांनी केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होणार आहे हे ज्यांना नक्की ठाऊक होतं, त्यांच्यात ती थोडी जास्त, म्हणजे 59 टक्के निघाली. इतर दोन गटांत 51-52 टक्के होती. यावरून देव नाही असं सिद्ध होत नाही, आणि श्रद्धावान माणूस म्हणेलच की देव तुमच्या प्रयोगशाळेत नोकरीला नाही. ते मान्य. पण मग साक्षीही पुरावा म्हणून वापरू नयेत.

मला त्याहून विचार करायला लावतात ते दुसरे दोन अभ्यास, तेही अमेरिकेतलेच. 2009 च्या अभ्यासात दिसलं, की श्रद्धेचा भरपूर आधार घेणारे बळावलेल्या कॅन्सरचे रुग्ण शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटरवर जाण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास तिप्पट होतं. 2013 मध्ये त्याच मालिकेत पुढचं कळलं: ज्यांना मुख्यतः आपल्या धर्ममंडळीकडून भक्कम आधार मिळत होता ते शेवटी आयसीयूकडे जास्त गेले. ज्यांच्याशी उपचार करणाऱ्या चमूनेच अध्यात्माचं बोलणं केलं, ते हॉस्पिसची, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या शुश्रूषेची, शांत वाट जास्त धरत होते. अमेरिकेचे आकडे पनवेलला जसेच्या तसे लागू करू नयेत. पण ‘अजून आशा सोडायची नाही’ हे वाक्य कुटुंबाला कुठवर नेतं, हे आयसीयूचं रोजचं बिल भरण्यासाठी शेतीचा तुकडा विकलेल्यांना विचारावं. ते वाक्य म्हणणारे भले लोक बिलाच्या दिवशी खोलीत नसतात.

मग दोष उरतो. बरं वाटत नाही म्हणजे विश्वासात खोट, कुठलं तरी न कबूल केलेलं पाप. आपल्याकडे याला वेगळा वेश घालायची गरजच नाही. ‘गेल्या जन्मी काय केलं होतं कोण जाणे’ हे आपण सहज म्हणतो, आणि ख्रिस्ती झालं म्हणून ते वाक्य घरातून जात नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बघून नेमकं हेच विचारतात, पाप याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. मराठी घरात आजाऱ्याच्या खोलीत पहिल्यांदा वाचायचं पान मला विचाराल तर हे. देवाने आपल्याला टाकलं, शिक्षा केली, असं वाटणाऱ्या वयस्क रुग्णांत मृत्यूचं प्रमाण अधिक आढळल्याचं 2001 च्या एका अभ्यासात नोंदलेलं आहे. अपराधाची भावना हे आजाऱ्याच्या अंगावरचं जादा ओझं असतं, आणि ते कधीकधी प्रार्थनेच्या शब्दांतूनच आत येतं.

तक्रारीलाही जागा हवी. 88 वं स्तोत्र अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, शेवटच्या ओळीपर्यंत दिलासा नाही. बायबलमधला दुःखाने पिचलेला इयोब जन्मदिवसालाच शाप देतो, देवाला कोर्टात खेचू पाहतो, आणि अखेरीस देव त्याच्या बाजूचा निघतो, देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांच्या नव्हे. हा भाग वाचायला लोक कचरतात, आजाऱ्याचा धीर खचेल म्हणून. पण त्याच्या मनात हेच शब्द रात्री तीन वाजता येऊन गेलेले असतात. ते पवित्र शास्त्रात आहेत हे कळलं तर निदान आपण पापी नाही एवढं तरी त्याला कळतं.

एक अगदी आपल्याकडची अडचण. पुष्कळ घरांत आजाऱ्याला रोगाचं नावच सांगितलेलं नसतं. ‘गाठ आहे, निघून जाईल’ एवढंच. आलेला गट मोठ्या आवाजात प्रार्थना करतो आणि त्यात कॅन्सर हा शब्द उच्चारतो. आजोबा डोळे मिटून ऐकत असतात. असं होऊ नये म्हणून दारातच घरच्यांना विचारावं, आणि आजाऱ्याला स्वतःला विचारावं: वाचू का? थोडंच वाचू की नुसतं बसू? शेजारच्या खाटेवरचा माणूस दुसऱ्या धर्माचा असेल तर हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा. धर्मांतराचा संशय हवेत असताना तर आहेच, पण संशय नसता तरीही. सलाईन लावलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, आणि ज्याला उठून जाता येत नाही त्याचा होकार होकार नसतो. जुन्या मिशन दवाखान्यांत औषधाआधी वचन ऐकवण्याची रीत होती. त्या दवाखान्यांनी केलेल्या कामाबद्दल मला आदर आहे, त्या रीतीबद्दल नाही.

वांद्र्याचं शांती आवेदना सदन मला या वादात उत्तराच्या जवळचं वाटतं. 1986 मध्ये सुरू झालेलं हे देशातलं पहिलं हॉस्पिस. डॉ. एल. जे. डिसूझा यांनी ते उभारलं, होली क्रॉसच्या सिस्टर्स शुश्रूषा करतात. उपचार थांबलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना धर्म न पाहता घेतात. तिथे आधी वेदना शमवतात. हा क्रम महत्त्वाचा. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन मिळणं इतकं अवघड केलं होतं, की 2014 मध्ये तो बदलावा लागला. आजही ते सगळीकडे सहज मिळत नाही. हाडात कळा मारत असताना तेविसावं स्तोत्र कानावर पडतं, आत जात नाही. कळ थांबली की माणूस स्वतःच मागतो. कुणी स्तोत्र मागतो, कुणी ज्ञानेश्वरी, कुणी रेडिओ.

कॅथलिक परंपरेत आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार फार काळ अखेरच्या घटकेला होत असे. फादर दारात दिसले की घरात रडारड व्हायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1972 च्या नव्या विधीने, तो गंभीर दुखण्यातही द्यायचा झाला. लोकांच्या मनातली जुनी भीती अजून पुरती गेलेली नाही, पण दिशा बरोबर आहे: यायचं ते सोबतीला, निकाल सांगायला नव्हे.

वॉर्डात भेटीच्या वेळेला पास बहुधा एकच मिळतो. पाच जण खाली उभे राहतात, एक वर जातो. त्या एकाने बायबल जरूर न्यावं. पण आठ दिवस खाटेशेजारच्या स्टुलावर बसून असलेली बायको त्या पासाच्या बदल्यात खाली येऊन तासभर झोपणार असेल, तर वरच्या माणसाला आधी सलाईनकडे लक्ष कसं ठेवायचं आणि सिस्टरला केव्हा हाक मारायची ते विचारून घ्यावं लागेल. वाचायचं काय ते त्यानंतर.