ब्रह्मबांधवांसमोर दार कोणी लावले?

धर्मांतराचा विषय निघाला की आपल्यापुढे साधारणतः दोन चित्रे उभी राहतात. एक, दुष्काळात धान्याच्या आशेने मिशनच्या दारी गेलेल्या उपाशी कुटुंबाचे. आणि दुसरे, सत्तेच्या धाकाने रातोरात देव हलवणाऱ्या गोमंतकीय कुळांचे. दोन्ही चित्रे खरी आहेत आणि ती विसरण्याचे कारण नाही. परंतु या दोहोंत न बसणारे एक तिसरे चित्रही आहे. घर सुखवस्तू, संस्कार कडक, विद्या उत्तम, पोटाची चिंता नाही, कोणाची बळजबरी नाही. आणि तरीही त्या घरातला बुद्धिमान मुलगा एके दिवशी रोमच्या चर्चमध्ये जाऊन उभा राहतो. हे चित्र आपल्याला अस्वस्थ करते, म्हणून आपण ते टाळतो. ख्रिस्ती प्रचारकांना मात्र ते फार प्रिय असते. आमच्याकडे लोक केवळ भुकेने येत नाहीत, शोधानेही येतात, असे त्यांना त्यातून सांगता येते.

अशा शोधकांमध्ये ब्रह्मबांधव उपाध्याय यांचे नाव अग्रभागी येते. अनेक अभ्यासक आज त्यांना भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतनाचे जनक मानतात आणि त्यांनी रचलेले सच्चिदानंदाचे संस्कृत स्तोत्र कॅथलिक उपासनेत गायले जाते. हा गौरव ऐकताना एकच प्रश्न विचारावासा वाटतो. ब्रह्मबांधव हयात असताना हा गौरव कोठे होता?

कुलीन घरातून कराचीच्या चर्चपर्यंत

हुगळी जिल्ह्यातील खन्यान या गावी १८६१ साली एका कुलीन ब्राह्मण घरात भवानीचरण बंद्योपाध्याय यांचा जन्म झाला. वडील इंग्रजांच्या पोलीस खात्यात अधिकारी. आई अगदी लहानपणीच गेली आणि आजीने नातवाला वाढवले. मुंज झाली, तसे या मुलाने आपण होऊन मांसाहार सोडला. इंग्रजी शाळेबरोबर संस्कृताचेही अध्ययन केले. कोवळ्या वयातच इंग्रजांना तलवारीने हाकलण्याच्या जिद्दीने तो घर सोडून ग्वाल्हेरला सैन्यात भरती होण्यासाठी पळाला होता. म्हणजे धर्मनिष्ठा आणि देशनिष्ठा या दोन्ही गोष्टी त्याच्या रक्तात बालपणापासूनच होत्या.

पुढे केशवचंद्र सेन यांच्या प्रभावाने भवानीचरण ब्राह्मसमाजाकडे वळले. १८८७ साली त्यांनी नवविधान शाखेची दीक्षा घेतली आणि पुढच्या वर्षी ते शिक्षक म्हणून सिंधमधील हैदराबादेस गेले. मुलतानला वडिलांच्या अखेरच्या आजारात शुश्रूषा करीत असताना कॅथलिक सिद्धांतांचे विवेचन करणारे एक पुस्तक त्यांच्या हाती पडले. फेब्रुवारी १८९१ मध्ये त्यांनी एका अँग्लिकन पाद्र्याकडून बाप्तिस्मा घेतला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कराचीत ते रोमन कॅथलिक झाले. ग्रीक भाषेतील थिओफिलस या नावाचा त्यांनी केलेला अनुवाद म्हणजेच ‘ब्रह्मबांधव’.

या प्रवासात कोठेही अन्नाचे आमिष नाही की तलवारीचा धाक नाही. हा शुद्ध जिज्ञासूचा प्रवास आहे हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. आणि ते मान्य केले, म्हणूनच पुढचा प्रश्न अधिक धारदार होतो. या जिज्ञासूला तेथे काय मिळाले?

ॲरिस्टॉटल चालतो, शंकराचार्य का नाहीत?

ब्रह्मबांधवांनी धर्म बदलला, पण समाज बदलण्यास ठाम नकार दिला. जन्माने आपण हिंदू आहोत आणि मरेपर्यंत हिंदूच राहणार, श्रद्धेने मात्र कॅथलिक आहोत, अशी त्यांची भूमिका होती. समाजधर्म आणि साधनाधर्म असा भेद ते करीत. आहारविहार, रीतिरिवाज, सामाजिक आचार हा समाजधर्म; मुक्तीचा मार्ग हा साधनाधर्म. साधना कोणतीही असो, समाजधर्म हिंदूच राहील, हे त्यांचे सूत्र होते. १८९४ साली त्यांनी कराचीतून ‘सोफिया’ हे मासिक सुरू केले आणि त्याच वर्षाअखेर भगवी वस्त्रे धारण केली.

पहिला खटका येथेच उडाला. भगव्या वस्त्रातील संन्यासी चर्चमध्ये चालणार नाही, असे स्थानिक पाद्र्याने ठरवले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. ब्रह्मबांधवांनी मुंबईच्या आर्चबिशपांकडे दाद मागितली आणि सतराव्या शतकात मदुराईत संन्याशाच्या वेषात वावरलेल्या रॉबर्ट डी नोबिली या इटालियन जेझुइटाचा दाखला दिला. तेव्हा कोठे परवानगी मिळाली. यातील विपर्यास लक्षात घ्यावा. भारतातील ब्राह्मणाला स्वतःच्या पूर्वजांचे वस्त्र नेसण्यासाठी एका इटालियन माणसाचा आधार शोधावा लागला!

खरा संघर्ष मात्र वस्त्राचा नव्हता, विचाराचा होता. १८७९ साली पोप तेरावे लिओ यांनी सेंट थॉमस अक्वायनस यांचे तत्त्वज्ञान कॅथलिक शिक्षणाचा पाया म्हणून पुन्हा प्रतिष्ठित केले होते. हे अक्वायनस कोणाच्या खांद्यावर उभे होते? ॲरिस्टॉटलच्या. ॲरिस्टॉटल ख्रिस्ती नव्हता; ख्रिस्तापूर्वी तीन शतकांहून अधिक काळ आधी होऊन गेलेला तो मूर्तिपूजक ग्रीक होता. ब्रह्मबांधवांचे म्हणणे सरळ होते. ग्रीकांचे तत्त्वज्ञान ख्रिस्ती सिद्धांताची भाषा होऊ शकते, तर वेदांत का नाही? सत्, चित् आणि आनंद या संज्ञांतून त्रैक्याचा सिद्धांत मांडता येतो. सृष्टीला स्वतःचे स्वतंत्र अस्तित्व नाही, हा विचार मायावादाच्या परिभाषेत सांगता येतो, असे ते प्रतिपादन करीत. त्यांचा हा अर्थ वेदांताला मान्य होईल काय, हा वेगळा वाद आहे. अद्वैताच्या अभ्यासकाला तो मान्य होणे कठीण आहे. परंतु चर्चने तरी आपल्याच या विद्वान पुत्राचे म्हणणे गंभीरपणे ऐकून घ्यायला हवे होते.

घडले ते उलटेच. १८९९ साली जबलपूरजवळ नर्मदेच्या तीरी त्यांनी हिंदू पद्धतीने राहणाऱ्या कॅथलिक संन्याशांचा मठ आरंभिला. नागपूरच्या बिशपांचा या कल्पनेला सुरुवातीस पाठिंबा होता. पण पोपचे भारतातील प्रतिनिधी झालेस्की यांनी विरोध केला, पाठिंबा मावळला आणि मठ मिटला. पुढे कोलकात्याहून निघालेले साप्ताहिक ‘सोफिया’ कॅथलिकांनी वाचू नये, असा आदेश निघाला. त्यानंतरच्या ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी’ या मासिकाच्या वाट्यालाही तेच आले. ज्या घरात मोकळा श्वास मिळेल म्हणून हा माणूस गेला, त्या घराने त्याच्या लेखणीला कुलूप घातले.

मातृभूमीने दिलेला आश्रय

रोमने अव्हेरलेल्या या माणसाला कोणी जवळ केले, हेही पाहावे. १९०१ साली रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात ब्रह्मचर्याश्रम काढला, त्याच्या उभारणीत ब्रह्मबांधव आणि त्यांचे सिंधी शिष्य रेवाचंद यांचा मोठा वाटा होता. १९०२ साली स्वामी विवेकानंद निवर्तले. त्यानंतर काही महिन्यांतच ब्रह्मबांधव इंग्लंडला गेले आणि ऑक्सफर्ड व केंब्रिजमध्ये त्यांनी हिंदू तत्त्वज्ञानावर व्याख्याने दिली. परतल्यावर १९०४ साली त्यांनी ‘संध्या’ हे बंगाली दैनिक काढले. वंगभंगाच्या काळात या पत्राने बंगालच्या सामान्य माणसाला त्याच्या रोजच्या भाषेत स्वराज्य शिकवले. ऑगस्ट १९०७ मध्ये त्यांनी शास्त्रोक्त प्रायश्चित्त घेतले. सप्टेंबरात राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. ईश्वराने नेमून दिलेल्या स्वराज्यकार्याचा जाब परक्या राज्यकर्त्यांना देण्यास आपण बांधील नाही, असे सांगून त्यांनी खटल्यात भाग घेण्यास नकार दिला. पुढच्याच वर्षी मुंबईत लोकमान्यांवर जो खटला चालला, त्याच तेजाची ही पूर्वखूण होती. खटला चालू असतानाच शस्त्रक्रियेनंतर २७ ऑक्टोबर १९०७ रोजी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. हजारोंच्या साक्षीने हिंदू पद्धतीने त्यांचा अंत्यसंस्कार झाला.

येथे चर्चचे समर्थक एक आक्षेप घेतात. ब्रह्मबांधवांनी ख्रिस्तावरील श्रद्धा कधीच सोडली नव्हती, प्रायश्चित्त केवळ सामाजिक होते, असे ते म्हणतात. हे खरे असू शकते. त्यांनी ख्रिस्तश्रद्धेचा जाहीर त्याग केल्याची नोंद नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु त्यामुळे प्रश्न मिटत नाही, उलट तो चर्चकडेच वळतो. ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणारा हा माणूस हिंदू समाजाला आपल्या चितेजवळ आपला वाटला. मग तो रोमच्या व्यवस्थेला आपला का वाटला नाही? हिंदू समाजाने त्याच्या मनातील उपास्य विचारले नाही. रोमने मात्र त्याचे वस्त्र, त्याचा मठ, त्याचे मासिक आणि त्याची परिभाषा, सारे तपासले.

सावरकरांनी धर्मांतर म्हणजे राष्ट्रांतर असा इशारा दिला, तेव्हा अनेकांना तो कठोर वाटला. ब्रह्मबांधव हे त्या इशाऱ्याला अपवाद भासतात. पण धर्मांतर करूनही राष्ट्रांतर न करण्याचा हट्ट त्यांनी धरला आणि त्याचीच किंमत त्यांना मोजावी लागली. अपवादानेच नियम सिद्ध केला.

साठ वर्षांनी उघडलेले दार

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी जाहीर केले की अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, ते चर्च नाकारत नाही. ब्रह्मबांधवांच्या निधनाला त्याच्या आदल्याच दिवशी अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली होती. १९६९ साली आरती आणि अंजली यांसारख्या आपल्या उपचारांना चर्चच्या उपासनेत रोमची अनुमती मिळाली. तमिळनाडूत दोन फ्रेंच धर्मगुरूंनी १९५० साली आश्रम काढला, त्याचे नाव ‘सच्चिदानंद’. झालेस्की यांच्याच कारकीर्दीत १८९३ साली कँडीला स्थापन झालेले पोपचे गुरुकुल १९५५ साली पुण्यात आले. तेथील विद्यापीठाचे नाव ‘ज्ञानदीप’, आणि तेथे भारतीय दर्शने शिकवली जातात. बंगाली ब्राह्मणाच्या ओठी जो शब्द संशयास्पद ठरला, तोच फ्रेंच धर्मगुरूच्या ओठी भूषण कसा ठरला?

हा बदल मनाचा आहे की पद्धतीचा? याचे उत्तर चर्चच्याच दस्तऐवजांत आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये, दिवाळीच्या दिवसांत दिल्लीस आलेल्या पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचे मोठे पीक काढण्याची आशा व्यक्त केली. पुढच्याच वर्षी ‘डोमिनस येसुस’ या रोमच्या घोषणापत्राने अन्य धर्मीयांची स्थिती, मुक्तीच्या दृष्टीने, अत्यंत उणिवेची ठरवली. आरती घ्यायची, भगवे नेसायचे, सच्चिदानंद म्हणायचे. पण ज्यांचे हे सारे आहे, ते अपूर्ण आहेत असेही म्हणायचे. याला संवाद म्हणत नाहीत.

आता एक गोष्ट आपल्या घराकडे पाहूनही बोलली पाहिजे. भवानीचरणांसारखा मुलगा घराबाहेर सत्य शोधू लागतो, तेव्हा केवळ परक्या मिशनऱ्याला दोष देऊन भागत नाही. जेथे ‘असेच करायचे असते’ एवढेच उत्तर मिळते, तेथील तल्लख मूल दुसरीकडे विचारायला जाते. सोवळे-ओवळे सांगितले, पण उपनिषद उघडून दाखवले नाही, तर त्या मुलाच्या हाती दुसऱ्याचे पुस्तक पडणारच. मुलतानच्या त्या खोलीत भवानीचरणांच्या हाती पडले, तसे. आज पुण्या-मुंबईच्या आणि परदेशी गेलेल्या आपल्या घरांतही असे प्रश्न विचारणारी मुले आहेत. त्यांना दटावू नये, घराबाहेर काढू नये. त्यांच्याबरोबर बसावे, वाचावे, वाद घालावा. प्रश्न विचारणाऱ्या नचिकेताला यमाच्या दारातही उत्तर मिळाले, ही आपली परंपरा आहे.

आणि ब्रह्मबांधवांचे स्तोत्र गाणाऱ्यांना एवढेच सांगावे की आधी त्यांच्यावर घातलेली बंदी चुकीची होती, हे स्पष्ट शब्दांत म्हणा. मग हिंदू म्हणून जगू इच्छिणाऱ्या माणसाला हिंदू म्हणूनच पूर्ण माना. हे दोन शब्द उच्चारता येत नसतील, तर त्या संन्याशावर हक्क सांगण्याचा अधिकार त्याच्या चितेभोवती उभ्या राहिलेल्या समाजाचाच आहे.