सशाला फक्त जागा हवी आहे



चातुर्मासात मेघकुमाराची कथा ऐकली नाही अशी आपल्यात क्वचितच कोणी असेल. ज्ञाताधर्मकथेतली ती. रानात वणवा पेटलेला, हत्तीनं आधीच साफ करून ठेवलेल्या मंडलात सगळे प्राणी दाटीनं उभे. अंग खाजवायला हत्तीनं पाय उचलला आणि तेवढ्या जागेत एक ससा येऊन बसला. अडीच दिवस हत्तीनं पाय खाली टेकवला नाही. त्या अनुकंपेनं तो पुढे श्रेणिक राजाच्या घरी मेघकुमार होऊन जन्मला. ऐकताना आपले डोळे भरून येतात. पण गावाबाहेरच्या गायरानात आजचा ससा कसा जगतो, हे आपण विचारत नाही.

पिंजऱ्यातला पांढरा ससा वेगळा. माळावरचा मातकट असतो आणि तो बीळ करत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून बसतो. पिल्लं उघड्यावरच होतात, अंगावर केस आणि डोळे उघडे. धोका आला की तो आधी निपचित बसून राहतो, अगदी जवळ आल्यावरच उडी मारून पळतो. रात्री चरायला निघाला आणि डोळ्यांवर बॅटरीचा झोत पडला, तर जागीच थिजतो. शिकार करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

सुट्टीच्या दिवशी दुचाकीवरून कारवानी कुत्री घेऊन पोरं माळावर जातात, ससा उठवतात, कुत्री सोडतात. कोणाचं कुत्रं आधी पोचतं यावर चुरस, मग मोबाइलवर व्हिडिओ. यांच्या घरची चूल काही सशावाचून अडलेली नसते. फासे लावून पोट भरणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही. त्यांचा प्रश्न भाकरीचा आहे आणि तो भाकरीनंच सुटेल. हा मात्र निव्वळ खेळ आहे.

"गायरान सरकारी, तुमचं काय जातं?" असं उत्तर मिळतं. सरकारी म्हणजे बेवारस नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. सुरुवातीला परवाना काढून सशाची शिकार करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती वाट बंद झाली. २०२२ च्या दुरुस्तीपासून ससा दुसऱ्या अनुसूचीत आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय कायद्यातल्या 'शिकार' या शब्दात मारणं, पकडणं, फासा लावणं तर येतंच, पण पाठलाग करणं, हाकून काढणं आणि यातला प्रत्येक प्रयत्नही येतो. म्हणजे ससा निसटला तरी गुन्हा होतोच. जमीन गायरान असो, वनखात्याची असो की आपल्या स्वतःच्या सातबाऱ्यावरची, कायदा तोच.

परंपरा म्हणावी तर इंग्लंडमध्येही होती. तिथला वॉटरलू कप १८३६ पासूनचा. २००४ च्या कायद्यानं सशामागे कुत्री सोडायच्या शर्यतींवर बंदी आली आणि २००५ ची त्याची शेवटची ठरली. आयर्लंडमध्ये मात्र कुत्र्यांना मुसकी बांधून अजून चालतात, तेही परवाना घेऊन रानातून जाळ्यानं धरलेल्या सशांवर. मुसकं बांधलं म्हणून जिवाची धडधड कमी होते का?

आपण पर्युषणात पांजरपोळाला, गोशाळेला रक्कम लिहितो, पावती घेतो. मी बी.कॉम., मला पावती आवडते. पण सशाच्या अभयदानाची पावती फाटत नाही, तो कोणाच्या मालकीचाच नाही. त्याला चारा नको, औषध नको. म्हणून तो आपल्या जीवदयेच्या वहीत कधी आलाच नाही. एक गोष्ट मात्र टाळा: कोणी धरलेला ससा दारावर विकायला आणला, तर दयेपोटी विकत घेऊन सोडू नका. ती खरेदीही गुन्हा आहे, आणि पैसे मिळाले की तो माणूस उद्या चार आणील.

आपल्यातल्या कितीतरी घरांची शेतं वाट्यानं दिलेली आहेत. वाटेकऱ्याला एवढं सांगता येईल की बांधावर फासे नकोत आणि कुत्री घेऊन आलेल्यांना आत सोडू नका. शिकारीचा व्हिडिओ ग्रुपवर आला तर हळहळत पुढे पाठवू नका, जपून ठेवा. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे. फोन करताना गावाचं नाव, जवळची खूण, वेळ आणि दिसला तर गाडीचा नंबर सांगा. माळावर एकटीनं भांडायला जाऊ नका.