गाडी कुणाची होती?

मार्को बेलोक्योचा १९७२ सालचा एक इटालियन सिनेमा आहे, ‘स्बात्ती इल मोस्त्रो इन प्रिमा पाजिना’. नावाचा अर्थ साधारण ‘राक्षसाला पहिल्या पानावर आपटा’. बोलोन्याच्या चित्रपट संग्रहालयानं तो नव्यानं रिस्टोअर केला आणि पन्नास वर्षांनी त्याची चर्चा पुन्हा सुरू झाली. मिलान शहर, तोंडावर आलेली निवडणूक, एका खात्यापित्या घरातल्या मुलीचा खून. बिझान्ती नावाचा संपादक हा खून एका डाव्या कार्यकर्त्यावर लादतो. खरा खुनी कोण हे कळल्यावरही ते मतदान होईपर्यंत दाबून ठेवतो. जान मारिया व्होलोन्तेनं हा बिझान्ती असा केलाय की त्याच्याकडे बघत राहावंसं वाटतं.

अडचण नेमकी तिथंच आहे. व्होलोन्तेचा चेहरा क्रॉप करून, खाली आपल्याकडच्या कुठल्यातरी अँकरचं नाव टाकून स्टोरी लावायची, की आपलं काम झालं. खलनायक सापडला, तो स्टुडिओत बसून ओरडतो, आणि आपण तर टीव्ही बघतच नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातला आहे. आमच्याकडे जे झालं त्यात ओरडणारा कुणीच नव्हता.

खुनाचं कथानक बाजूला ठेवा. सिनेमातला माझ्या कामाचा प्रसंग वेगळा आहे. पाच मुलांचा बाप असलेला एक बेकार कामगार स्वतःला जाळून घेतो. नवखा बातमीदार तसाच सरळ मथळा लिहून आणतो. बिझान्ती त्याला समोर बसवतो आणि एखाद्या प्रेमळ मास्तरसारखा शब्द न् शब्द बदलायला लावतो. ‘बेकार’ जाऊन ‘स्थलांतरित’ येतो. ‘कामावरून काढलं’ याचं ‘काम राहिलं नाही’ होतं. शेवटी उरतो एक स्थलांतरित आणि त्याची आत्महत्या. काढलं कुणी, हा प्रश्न मथळ्यात उरतच नाही. एकही शब्द खोटा नाही.

आता आमच्याकडे या. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या नागपूर आवृत्तीत पानभर मजकूर आला, ‘रीपिंग गोल्ड थ्रू बीटी कॉटन’. यवतमाळ जिल्ह्यातली भांबराजा आणि अंतरगाव ही दोन गावं बीटी कापसानं कशी सोन्याची झाली, याची ती गोष्ट होती. त्यात एक विधान होतं: या दोन गावांत एकाही माणसानं आत्महत्या केलेली नाही.

२८ ऑगस्ट २०११ ला तोच मजकूर त्याच वर्तमानपत्रात पुन्हा पानभर छापून आला. फरक एवढाच की या वेळी ती जाहिरात होती. बारीक अक्षरात ‘अ कन्झ्युमर कनेक्ट इनिशिएटिव्ह’ असं लिहिलेलं. त्याच सुमारास जनुकीय पिकांसाठी नियामक प्राधिकरण नेमण्याचं विधेयक संसदेत येणार, येणार, असं चाललं होतं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये संसदेच्या कृषीविषयक स्थायी समितीचे खासदार भांबराजात आले. गावकऱ्यांनी त्यांना तोंडावर सांगितलं की आमच्या गावात १४ आत्महत्या झाल्यात. १० मे २०१२ ला पी. साईनाथ यांनी हे सगळं ‘द हिंदू’त मांडलं. १४ पैकी ९ आत्महत्या त्यांच्या पडताळणीतून पक्क्या झाल्या, सगळ्या २००३ ते २००९ दरम्यानच्या. कंपनीनं, म्हणजे महिको-मोन्सँटो बायोटेकनं, त्यांना दिलेलं उत्तर मला अजून आवडतं, इतकं ते स्वच्छ आहे. मजकूर पत्रकारांच्या संपादकीय निर्णयानं आला होता, आम्ही फक्त शेतापर्यंत नेण्या-आणण्याची सोय केली. २०११ ला तोच मजकूर काहीही न बदलता जाहिरात म्हणून छापला.

पटलं तर पटण्यासारखं आहे. गाडी पाठवली, एवढंच. पण आमच्याकडच्या खेड्यात कुणाच्या गाडीतून उतरलात, यावर पुढचं सगळं ठरतं. बँकेच्या गाडीतून उतरलात तर लोक घरात जातात. आमदाराच्या गाडीतून उतरलात तर सतरंजी अंथरली जाते. बियाणं कंपनीच्या गाडीतून उतरलात तर तुम्हाला ज्याची पऱ्हाटी छातीला लागते त्याच्याच वावरात नेलं जातं. तिथं जे दिसतं ते खरंच असतं. ज्याच्या दारावर महिन्यापूर्वी मयत निघाली, त्या घराकडे ती गाडी वळत नाही.

मी बियाण्यावर निकाल देत नाही. बीटीनं सुरुवातीला उत्पन्न वाढलं हे आमच्याच घरात बोललं जातं, आणि आत्महत्येमागं एकच कारण असतं असं सांगणाऱ्यानं कधी कर्जाची फाइल पाहिलेली नसते. भांडण मोजणीचं आहे. माणसं मेली होती आणि ‘एकही नाही’ असं छापलं गेलं. तीन वर्षांनी तेच पैसे घेऊन छापलं गेलं.

आणि साईनाथ यांच्या लेखातला एक तपशील लोक विसरतात. २०११ ची ती जाहिरात बऱ्याच आवृत्त्यांत आली, पण नागपूर आवृत्तीत नाही. ज्या आवृत्तीचा अंक यवतमाळला एसटी स्टँडवर मिळतो, नेमक्या त्याच आवृत्तीत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून हे ओळखीचं वाटतं. जाहिरातीच्या डॅशबोर्डवर आज हे एका ड्रॉपडाउनचं काम आहे. ‘एक्सक्लूड’मध्ये जिल्ह्याचं नाव टाका, ज्याला खरं माहीत आहे त्याला जाहिरात दिसणारच नाही. २०११ ला हे कागदावर झालं. आता ते रोज, प्रत्येकाच्या मोबाइलवर होतं, आणि तुम्हाला काय दिसलं नाही हे सांगणारा शेजारीही नसतो.

बिझान्तीचा तो मास्तरी लाल पेन मात्र एकट्या वर्तमानपत्रांकडे नाही. आमच्याकडे शेतकरी आत्महत्या ‘पात्र’ असते किंवा ‘अपात्र’. जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, थकलेलं हवं, वसुलीचा तगादा हवा. सावकाराचं तोंडी कर्ज असेल, सातबारा सासऱ्याच्या भावाकडे असेल, तर अपात्र. मेलेला माणूस अपात्र! हा शब्द जिल्हाधिकारी कार्यालयातून येतो आणि जिल्हा पानावर जसाच्या तसा छापला जातो, इतक्या वर्षांत कुणाला अवतरण चिन्हसुद्धा द्यावंसं वाटलं नाही. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. गुलाबी बोंडअळी तोवर बीटीला जुमानत नव्हती. तेव्हा चर्चा कशाची झाली? मास्क घातला नव्हता, हातमोजे नव्हते, उघड्या अंगानं फवारत होते. औषध विकलं कुणी, शिफारस केली कुणी, हे मागं पडलं आणि ‘निष्काळजीपणा’ पुढं आला. ‘बेकार’चं ‘स्थलांतरित’ होतं ते असं.

आता तुमच्या फोनकडे या. ‘इंजिनिअरची नोकरी सोडली, शेतीतून कमावतो लाखो.’ हा मथळा तुम्ही पाहिला नाही असं होऊच शकत नाही. मला तर महिन्यातून दोनदा नातेवाइकांच्या ग्रुपवरून येतो, इंजिनिअर असल्याची शिक्षा म्हणून. एक एकर, ठिबक, हसरा फोटो, मागं कुठल्यातरी वाणाची पाटी अर्धवट दिसणारी. खर्च किती, पाणी कुठलं, बापाची विहीर कुणाच्या पैशांनी खणली, यातलं काही नाही. ही यशोगाथा भांबराजाच्या त्या पानाचीच पुढची पिढी आहे. तिच्यातलं अपमानास्पद वाक्य छापलेलं नसतं, पण गावात सगळे ऐकतात: याला जमलं, तुला का नाही? ज्याचं पीक गेलंय तो पारावर बसून हेच वाचतो.

‘मीडिया विकला गेलाय’ म्हणून यावर खांदे उडवणं मला भ्याडपणाचं वाटतं. विकला गेला असेल तर पावती दाखवा. बिझान्तीला शिव्या घालायला धाडस लागत नाही, तो सिनेमातला आहे. प्रश्न बारके आणि कंटाळवाणे विचारायचे आहेत: पैसे कुणी दिले, बातमीदाराला तिथं नेलं कुणी, कुठल्या घरी नेलं नाही, आणि हा मजकूर कुठल्या जिल्ह्याला दाखवलाच नाही.

आणि जे पोर्टल स्वतःला शेतकऱ्यांचं म्हणवतं, त्याच्याकडे माझी मागणी साधी आहे. ‘स्पॉन्सर्ड’ हा इंग्रजी शब्द, फिकट राखाडी रंगात, फोटोच्या कोपऱ्यात, असा ठेवणं हा अपघात नसतो. शब्द दिसावा पण वाचला जाऊ नये, याचे आकडे तपासून तो तिथं ठेवला जातो. तो काढा. त्या जागी मराठीत, मथळ्याच्याच टाइपात, मथळ्याच्या वर लिहा: ही जाहिरात आहे, पैसे अमुक कंपनीनं दिले, गाडी अमुक कंपनीची होती. वेळ नाही, तांत्रिक अडचण आहे, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. फ्रंटएंडवरच्या एका माणसाला एवढ्या बदलासाठी दुपारच्या डब्याआधीचा वेळ पुरतो.