गौरवाची मोजपट्टी

वर्तमानपत्रांच्या जिल्हा पुरवण्यांत अलीकडे एक मजकूर नेमाने वाचायला मिळतो. अमुक प्राध्यापकांना पीएच.डी. प्रदान, तमुक प्राध्यापिकेचा शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात, कोणाची अभ्यास मंडळावर निवड, कोणाच्या नावे पेटंट. सोबत शाल-श्रीफळाचे छायाचित्र. रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावी अशा बातमीचा आनंद मोठा असतो. ज्या घरात पहिला पदवीधर कालपरवा झाला, त्या घरातील मुलगा विद्यापीठात प्राध्यापक व्हावा, ही गोष्ट लहान नाही. या कौतुकात आम्हीही सहभागी आहोत. पण नेमके कौतुक कशाचे करावे, हा प्रश्न आता टाळण्याजोगा राहिलेला नाही.

रेणापूर ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते, त्या नांदेडच्या विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी झाली. १९४८ साली याच तारखेला हैदराबाद संस्थान निजामाच्या जोखडातून मुक्त झाले. त्या लढ्याचे सेनापती स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव विद्यापीठाला दिले गेले. स्वामीजी संन्यासी होते तसे शिक्षकही होते. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय ही त्यांची कर्मभूमी. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलाने आपल्याच भूमीत परक्या भाषेतून शिकावे, अशी ती व्यवस्था. त्या काळात या शाळांनी जे कार्य केले, त्याला कोणत्या तक्त्यात किती गुण द्यावेत?

हा प्रश्न आलंकारिक नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकन पद्धत आणली. निबंधाला इतके गुण, परिषदेला तितके, पुस्तकाला आणखी काही. हेतू चांगला होता. काहीही न करता वेतनश्रेणी वाढत जाण्याला आळा बसावा. परंतु गुण मिळतात म्हटल्यावर ते विकणारेही उभे राहिले. पैसे भरा आणि पंधरा दिवसांत निबंध छापून घ्या, अशी नियतकालिकांची बाजारपेठच थाटली गेली. आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली, तर तीतही हीच मंडळी शिरली.

याबाबतीत पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम आम्हाला फार मोलाचे वाटते. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या १,००९ नियतकालिकांची त्यांनी छाननी केली आणि २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडला: त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट दर्जाची असू शकतात. आपल्याच व्यवसायबंधूंच्या पंक्तीत बसून पानातले खडे दाखवायला धैर्य लागते. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. पुढे पुण्यातच कक्ष स्थापून २०१९ पासून ‘केअर’ यादी सुरू झाली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. नियतकालिकाचा कस पाहण्याची जबाबदारी आता विद्यापीठांवरच आली आहे. नांदेडने ही संधी मानावी, ओझे नव्हे.

मोजायला मराठवाड्यात उदाहरणांची वानवा नाही. शिवाजी विद्यापीठाचे चंद्रकांत लोखंडे आणि पुढे नांदेड विद्यापीठात प्राध्यापक झालेले राजाराम माने यांनी २००० साली रासायनिक पद्धतीने पातळ थर बसविण्याच्या तंत्रावर एक विस्तृत लेख लिहिला. महागडी निर्वात यंत्रे न वापरता, चंचुपात्रातील द्रावणात काच बुडवून तिच्यावर अर्धवाहकाचा थर चढविण्याचे हे तंत्र. जगभरचे संशोधक आजही त्या लेखाचा आधार घेतात. तुटपुंज्या साधनांच्या प्रयोगशाळेत बसूनही जगाला उपयोगी पडता येते, याचे याहून चांगले प्रमाण कोणते?

दुसरे उदाहरण विद्यापीठाचे पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे यांचे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून त्यांनी ते महाविद्यालय नावारूपाला आणले. पण अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा अभ्यास त्यांनी मराठीत आणला, हेही तेवढेच मोठे. आणि नरहर कुरुंदकर! इंटरला अनेकदा नापास झालेला, पीएच.डी. नसलेला हा माणूस नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला. भरताच्या नाट्यशास्त्रापासून हैदराबादच्या राजकारणापर्यंत त्याने महाराष्ट्राला विचार करायला लावले. त्यांची सगळी मते आम्हाला मान्य नव्हती आणि नाहीत. परंतु आजच्या गुणांकनात कुरुंदकर पदोन्नतीला पात्र ठरले असते काय? गावोगावच्या व्याख्यानांना त्या तक्त्यात रकाना कुठला!

इथे रेणापूरचा संबंध येतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. नांदेड विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलातील प्राध्यापकांनी भूजलाच्या गुणवत्तेवर अभ्यास केले आहेत. ते इंग्रजी नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. प्राध्यापकांना गुण मिळाले, ते मिळायलाच हवेत. मात्र ज्याच्या विहिरीचे पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेले जाते, त्या शेतकऱ्याला त्याचा निष्कर्ष मराठीत कोण सांगणार? अशा प्रत्येक निबंधाचे दोन पानी मराठी टिपण संबंधित ग्रामपंचायतीला पाठविणे हा संशोधनाचाच भाग मानला, तर कोणाचे काही बिघडणार नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमात भारतीय ज्ञानपरंपरा आली. तिची चांगली मराठी पाठ्यपुस्तके कोण लिहिणार? ती लिहिणाऱ्याला एका परदेशी निबंधाइतका मान मिळणार आहे का?

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा तर सत्कारही क्वचितच होतो. परीक्षा विभागातला लिपिक निकाल वेळेवर लावतो, म्हणून ग्रामीण मुलीचा पुढचा प्रवेश चुकत नाही. ग्रंथपाल स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी उशिरापर्यंत दिवा जाळत बसतो. आणि तासिका तत्त्वावरचे अध्यापक! वर्षानुवर्षे तासाच्या मोबदल्यावर शिकविणाऱ्या, नेट-सेट होऊनही कायम न झालेल्या या तरुणांच्या खांद्यावर तालुक्याची कितीतरी महाविद्यालये उभी आहेत. गौरवाच्या बातमीत त्यांचे नाव येत नाही, कारण अनेकदा ते हजेरीपटावरही पुढच्या वर्षी असतील याची खात्री नसते. विद्या परिषदेने नियतकालिकांचे निकष ठरवायला बसावे तेव्हा या रिक्त पदांचा विषयही त्याच दिवशीच्या कार्यसूचीवर घ्यावा, आणि शासनाकडे त्याचा पाठपुरावा करण्यासाठी लातूर-नांदेडच्या लोकप्रतिनिधींना सोबत न्यावे.