पगार पाहिला, पत्रिका राहिली!

आमच्या डेस्कटॉपला हल्ली धाप लागायची. ब्राउझरचे दहा टॅब आणि एक एक्सेल उघडलं की माऊसचा बाण जागीच थिजायचा. नवं मशीन घेण्यापेक्षा रॅम वाढवू म्हणून शनिवारी लॅमिंग्टन रोड गाठला. "आठ जीबी द्या." दुकानदारानं विचारलं, "डीडीआर कितवी?" मी ऐटीत ठोकून दिलं, "जुनाच पीसी आहे, तीन असेल!"

रात्री सीपीयू उघडला. (म्हणजे कॅबिनेट. पण सवय जात नाही.) पट्टी काही केल्या बसेना. मी जोर लावणार तोच बायको म्हणाली, "अरे, खाच तर बघ!"

खाच भलत्याच जागी. माझा मदरबोर्ड डीडीआर-४ चा. डीडीआर-३ ला २४० पिना, ४ ला २८८. डीडीआर-५ लाही २८८च, पण तिची खाच आणखी निराळी आणि व्होल्टेजही वेगळं. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून ही खाच मुद्दाम हलवलेली असते. खास आमच्यासारख्या पैलवानांसाठी! दुकानात 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी होतीच. आणि २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी ओढायला घेतल्यापासून रॅमचे भाव असे भडकले, की ही चूक चांगलीच झोंबते.

तेव्हा मंडळी, आधी जुन्या पट्टीच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढा. कॅबिनेट उघडायची भीती वाटत असेल, तर सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर डीडीआर कितवी ते सांगतं. बोर्डाला जास्तीत जास्त किती रॅम चालते, ते त्याच्या मॅन्युअलमध्ये असतं. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती इथे चालत नाही. स्पीडच्या मोहात पडू नका. २६६६ च्या जोडीला ३२०० लावली, तर दोघी २६६६ नेच धावणार. संसारच तो!

दुसऱ्या खेपेला नीट केलं. प्लग काढला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवली, खाच जुळवली आणि दोन्ही टोकं दाबली. टक्! पीसी चालू केला, तर स्क्रीन काळाकुट्ट. पोटात गोळा आला. पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवली, आणि टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी झळकले.

ती डीडीआर-३? कपाटात आहे. कुणाकडे तिच्या वयाचा बोर्ड असेल, तर कळवा.