सूर आणि सुर

गवयाने वा वादकाने लेखणी हाती घेतली, की पुष्कळदा मैफलींची जंत्री आणि मानसन्मानांची यादी एवढेच वाचकाच्या पदरी पडते. गोविंदराव टेंबे हे याला ठसठशीत अपवाद होत. हार्मोनियमवर त्यांची हुकमत होती. १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्या, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाचे संगीत त्यांचे आणि त्यातला हरिश्चंद्रही तेच. तरीही ‘माझा संगीत-व्यासंग’ हातात घेतल्यावर वाद्यही विसरते आणि नटही. भास्करबुवा बखले किंवा अल्लादियाखाँ यांच्याविषयी ते ऐकणाऱ्याच्या कानाने लिहितात. वाक्य लांबते, वळणे घेते, आता हे सुटणार असे वाटते, आणि नेमके समेवर येते. शब्दाचे वजन जाणणाऱ्या माणसाचे हे गद्य आहे.

असे मापात बसलेले गद्य वाचून उठलेला रसिक रस्त्यावर आला, की पाटीपाटीला अडखळतो. ‘उपहारगृह’ या पाटीखाली मिसळ मिळते. वास्तविक उपहार म्हणजे भेटवस्तू, आणि खाण्याचा तो उपाहार. ‘शिक्षक दीन’ असा फलक शाळेच्या दारी झळकतो, तेव्हा तो लिहिणाऱ्याने चूक केली की सत्यकथन, हा प्रश्नच पडतो. ‘पिक विमा’ तर सर्वत्र. पिक म्हणजे कोकिळ. तिचा विमा कोण उतरवणार? ‘आर्शिवाद’मध्ये रफार एक अक्षर आधीच येऊन बसतो, जणू तबलजीने सम चुकवून थाप मारली.

हसावे जरूर, पण रंगाऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होऊ नये. त्याची चूक बहुधा तर्कशुद्ध असते. ‘पिकाचा’, ‘पिकाला’ ही रूपे ऱ्हस्वच लिहायची. मग एकटे ‘पीक’ दीर्घ का, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. मराठी शब्दातले उपान्त्य दीर्घ अक्षर विभक्तीचा प्रत्यय लागताच बहुधा ऱ्हस्व होते. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला ‘दीन’ मात्र ‘दीनाला’ म्हणतानाही दीर्घच राहतो. ही गुंतागुंत भल्याभल्यांना चकवते. शिवाय पूर्वी हाताने रंगवलेली चूक एका दुकानापुरती असे. आता फ्लेक्सच्या एका फाइलवरून तीच चूक गावभर लागते, आणि नुकतेच अक्षर ओळखू लागलेले मूल क्रमिक पुस्तकाआधी तीच वाचते. पुढे शाळेत ‘आशीर्वाद’ बरोबर लिहिला, तरी ते पोर कावरेबावरे होऊन बाईंकडे पाहते.

ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. हा हिशेब व्याकरणाचा तसाच तालाचाही. म्हणून सर्वांत गमतीची चूक ‘सुर संगीत विद्यालय’ या पाटीवर भेटते. मैफलीत लागतो तो सूर. सुर म्हणजे देव. एक मात्रा चोरली आणि साक्षात देवांसाठी गायनाचा वर्ग उघडला गेला! खाली बारीक अक्षरांत ‘हार्मोनियम शिकवली जाईल’ असेही असते. स्वर्गातल्या गंधर्वांच्या पोटावर पाय आला म्हणायचा.